कोर्दोबाची मशीद-कॅथेड्रल: वास्तू अप्रतिम, मार्गदर्शित फेरी निराशाजनक

स्पेनमधील कोर्दोबा येथील मशीद-कॅथेड्रल पाहण्यासाठी आम्ही एका पर्यटन कंपनीमार्फत मार्गदर्शित फेरी घेतली. वास्तूला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. फेरीची शिफारस मात्र मी कोणालाही करणार नाही. मार्गदर्शकाने आम्हाला मिहराबापुढे (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतील कोनाड्यापुढे) जेमतेम पाच मिनिटे उभे केले आणि उरलेला बहुतेक वेळ मशिदीच्या आत नंतर बांधलेल्या कॅथेड्रलमध्ये घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही पुन्हा गेलो. आम्ही गेलो तेव्हा साडेआठ ते साडेनऊ हा तास विनामूल्य होता. गर्दी नसल्यामुळे वास्तू ज्या क्रमाने वाढत गेली त्याच क्रमाने ती पाहता आली, आणि माझ्या मते ती तशीच पाहावी. इ.स. 785 च्या सुमारास कोर्दोबाचा अमीर पहिला अब्द अल-रहमान याने मशिदीचे बांधकाम सुरू केले, तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ (मुस्लिमांआधी स्पेनवर राज्य करणारे लोक) इमारतींचे खांब वापरले गेले. ते खांब बुटके असल्यामुळे छत उंच नेण्यासाठी एका कमानीवर दुसरी कमान चढवली गेली. तांबड्या विटा आणि फिकट दगड यांच्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानींचे ते प्रसिद्ध दृश्य मुळात या अडचणीतून जन्मले, हे तिथे उभे राहिल्यावर मनोमन पटते. दहाव्या शतकातील खलिफा दुसरा अल-हकम याच्या काळातील मिहराबाभोवती सोनेरी मोझेकचे काम आहे; त्यासाठी बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्यातील कारागिराची मदत घेतली गेली होती. पूर्वेकडचा, खलिफाचा बलाढ्य मंत्री अल-मन्सूर याने दहाव्या शतकाच्या अखेरीस वाढवलेला भाग जवळून पाहिला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली: इथे वीट नाहीच, सगळ्या कमानी दगडाच्या असून त्यांवर तांबडा रंग दिलेला आहे. आदल्या दिवशी याविषयी आम्हाला अवाक्षरही सांगितले गेले नव्हते.

1236 मध्ये शहर ख्रिस्ती सत्तेकडे गेल्यावर मशिदीचे चर्च झाले आणि 1523 पासून तिच्या मधोमध उंच कॅथेड्रल उभारले गेले. महोगनीच्या लाकडातील गायकवृंदाची कोरीव आसने सुरेख आहेत, तरी त्यांच्यासाठी नाहीसे झालेले खांब मला राहून राहून आठवत होते. घंटाघराच्या आत जुना मिनार दडलेला आहे, तोही चुकवू नये.

इथून चालत काही मिनिटांवर 1315 मधील सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) आहे. एवढ्याशा दालनात गिलाव्यावर कोरलेली हिब्रू अक्षरे अगदी हाताच्या अंतरावरून वाचता येतात. दोन्ही ठिकाणांसाठी मिळून अर्धा दिवस राखून ठेवावा.