स्प्रिंग बदलावी की शॉकमधले तेल?
रिमोटवर चालणाऱ्या एक-दशांश आकाराच्या बग्गीचे (मातीवर धावणाऱ्या छोट्या गाडीचे) नाक वळणात बाहेर सरकत असेल, तर पुढे मऊ स्प्रिंग लावावी की शॉकमध्ये (धक्के शोषणाऱ्या, पिस्टन असलेल्या नळीत) पातळ सिलिकॉन तेल भरावे, हे ते नाक वळणात नेमके कुठे सरकते त्यावरून ठरवावे. वळणाच्या मध्यावर गाडी कलून स्थिरावली की पिस्टन जवळजवळ हलत नाही, त्यामुळे तेलाचा प्रभाव ओसरतो आणि टायरांवरील भाराची वाटणी स्प्रिंगच्या हाती राहते. तिथली पकड मऊ स्प्रिंगनेच वाढते. तेलाचा फरक वळणात शिरताना आणि खड्ड्यांवर जाणवतो. पातळ तेलाने चाक खडबडीत मातीला धरून राहते, पण मोठ्या उडीनंतर चेसिस (गाडीचा तळाचा सांगाडा) जमिनीवर आपटते. शिवाय उन्हात तेल आणखी पातळ होते. म्हणून मी आधी स्प्रिंगलाच हात घालतो. मात्र कार्पेट अंथरलेल्या ट्रॅकवर, जिथे जादा पकडीने गाडी उलटू शकते, मऊ स्प्रिंग टाळलेली बरी.