खुबा दुखतोय, आधी एक्सरे की थेट एमआरआय?

घरात कोणाचा खुबा दुखायला लागला की दोन मतं पडतातच, एक म्हणतं एक्सरे काढून बघू आणि दुसरं म्हणतं त्यात काय दिसणारे, डायरेक्ट एमआरआयच कर. माझं मत, बहुतेकांना आधी एक्सरे पुरतो. पण एक्सरे नॉर्मल आला म्हणजे काही नाहीये असं मात्र धरून चालू नका.

आणि दोन्हीच्या आधी डॉक्टरांनी हात लावून तपासलं का ते बघा! उताणं झोपवून गुडघा वाकवतात आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळवतात, म्हणजे आत खुबा आतल्या बाजूला फिरतो, तेव्हा जांघेत कळ आली किंवा तो फिरेचना तर संशय सांध्यावरच. बाहेरच्या हाडापाशी दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही, असं असेल तर बरेचदा तिथले स्नायूबंध नाहीतर बर्सा, म्हणजे हाडाजवळची द्रव असलेली छोटी पिशवी. मागे कुल्ल्यात दुखून कळ पोटरीपर्यंत जात असेल तर गडबड मणक्यात असू शकते, मग खुब्याचे कितीही फोटो काढा, काय उपयोग.

एक्सरे काहीशे रुपयांत, पाच मिनिटांत होतो. उभं राहून दोन्ही खुबे एका फिल्मवर आले की सांध्यातली फट कमी झालीय का, हाड वाढलंय का, हे लगेच कळतं, साठीतल्या माणसाच्या झिजेसाठी एवढं पुष्कळ झालं. स्नायू, कुर्चा (सांध्यातला मऊ, लवचिक थर), हाडाच्या आतली सूज यातलं मात्र त्यात काही दिसत नाही.

एमआरआयला काही हजार जातात, अर्धा-पाऊण तास त्या ठकठक आवाजात न हलता पडायचं, पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं. रेडिएशन नसतं हा फायदा. पण खरी किंमत वसूल होते ती एव्हीएनमध्ये, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा मरायला लागतो तेव्हा, कारण सुरुवातीला एक्सरे अगदी स्वच्छ असतो. स्टेरॉइड जास्त झालेले, रोज पिणारे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेले (विदर्भात आणि नंदुरबारकडे हे लक्षात ठेवाच) यांच्या जांघेत दुखत असेल तर एमआरआयला वेळ लावू नका. आजी पडली, एक्सरेत काही नाही पण पाय टेकवत नाही, तिथेही तेच, बारीक फ्रॅक्चर लपलेलं असू शकतं. आणि ताप असून लहान मूल पाय टेकवत नसेल तर ही तुलना वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

एमआरआयचा एक तोटाही आहे, तो जास्तच दाखवतो. कडेच्या कुर्चेची चीर काहीही न दुखणाऱ्या माणसातही सापडते, त्यामुळे रिपोर्ट वाचून घाबरायचं नाही. दुखणं नक्की सांध्यातलंच का हा घोळ मिटत नसेल तर सोनोग्राफीत बघून सांध्यात भूल देणारं इंजेक्शन देतात, थोड्या वेळात दुखायचं थांबलं तर चोर तिथेच.

एमआरआय ठरलाच तर चिठ्ठीवर दोन्ही खुबे लिहिलंय ना ते बघून घ्या, कारण एव्हीएन बऱ्याचदा दुसऱ्या बाजूलाही गुपचूप सुरू झालेला असतो.