समकालीन कलेचा ऑनलाइन कोर्स: आठ महिन्यांनंतर

वर्षाची वर्गणी एकदम भरली की थोडी स्वस्त पडते, या मोहाला मी बळी पडले. समकालीन कलेची नवख्यांना ओळख करून देणारा हा कोर्स. धडे किती, प्रमाणपत्र मिळतं का, मोबाइलवर चालतो का, हे सगळं जाहिरातीत आहेच, ते इथे उगाळत नाही. मला बोलायचंय ते शिक्षकांच्या चेहऱ्याबद्दल.

माणूस भला आहे. आवाज छान, अभ्यास दांडगा. पण पडद्यावर सतत तेच! पहिला धडा मार्सेल द्यूशाँच्या 'फाउंटन'चा. १९१७ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात द्यूशाँने तयार मुतारीचं भांडं 'आर. मट' अशी सही करून पाठवलं. शुल्क भरेल त्याचं काम लागणार, असा आयोजकांचाच नियम होता, तरी त्यांनी हे नाकारलं. मूळ भांडं पुढे हरवलं, आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतरच्या प्रतिकृती. सगळं रंगवून सांगितलंय. पण मी घड्याळ लावून मोजलं: २२ मिनिटांत ते भांडं एकूण ३१ सेकंद दिसतं. बाकी वेळ चेहरा, मागे पुस्तकांचं कपाट आणि कपाटावर एक कुंडी. त्या कुंडीतल्या झाडाला तिसऱ्या धड्यात नवं पान फुटलंय, हे मला माहीत आहे. भांडं आडवं ठेवलंय, भिंतीला लागायची बाजू खाली आहे, हे मात्र चौथ्या खेपेला लक्षात आलं.

'मग व्हिडिओ थांबवून बघा की,' असं कोणी म्हणेल. थांबवला की सगळ्या चित्रावर करडी झाक येते आणि बरोबर मधोमध एक भला मोठा पांढरा त्रिकोण. पाच महिने मी जगभरची कला त्या त्रिकोणाच्या आजूबाजूने बघितली. दोन तारे, तेही आवाजासाठी.

इथपर्यंतचं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. पुढचं आता लिहितेय.

सहाव्या महिन्यात अ‍ॅप अपडेट झालं आणि बिघडलं. आवाज चालू, चित्र जागच्या जागी गोठलेलं. तक्रार केली. उत्तर आलं: कॅश, म्हणजे अ‍ॅपने साठवून ठेवलेली तात्पुरती माहिती, साफ करा. केली. अ‍ॅप काढून पुन्हा टाका. टाकलं. अकरा मेल झाले, दर वेळी नवा माणूस आणि तीच कॅश. एकदा असाच आवाज बंद करून तणतणत मेल लिहीत होते, आणि समोर एक चित्र अडकून पडलं होतं. त्रिकोण नाही, झाक नाही.

खोलीचा कोपरा. दोन भिंतींना टेकून चकचकीत रंगीत कागदांतल्या गोळ्यांचा ढीग, कोपऱ्यात उंच, पुढे उतरता. दोरी नाही, काच नाही. आधी वाटलं, झाडायचं राहून गेलंय. मेल लिहिता लिहिता पुन्हा बघितलं तर दोन-तीन गोळ्या ढिगापासून लांब, एकट्या पडलेल्या. त्या तिथे कशा गेल्या? कोणीतरी ढिगात हात घातलाय. म्हणजे हात घालायला परवानगी असणार. मग ढीग संपत कसा नाही?

वीसेक मिनिटांनी आवाज सुरू केला. फेलिक्स गोन्झालेझ-तोरेसचं १९९१ चं काम. नाव 'अनटायटल्ड', पुढे कंसात 'पोर्ट्रेट ऑफ रॉस इन एल.ए.'. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. बघणाऱ्याने गोळी उचलावी, संग्रहालयाने ढीग पुन्हा भरावा. रॉस हा त्याचा जोडीदार, त्याच वर्षी एड्सने गेला. हे धडधाकट रॉसचं वजन, असं मानलं जातं. मी मेल अर्धवट ठेवला. हीच माहिती चेहऱ्याकडून आधी ऐकली असती तर वहीत उतरवून पुढच्या धड्यावर गेले असते.

(वजनाचा हा अर्थ शिक्षक शेवटचा शब्द असल्यासारखा सांगतात, ते खटकलं. २०२२ मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयाने ढिगाशेजारच्या पाटीवरून रॉसचा उल्लेख गाळला, तेव्हा टीका झाली आणि पाटी पुन्हा बदलावी लागली. हा वाद धड्यात हवा होता.)

मग जुने धडे पुन्हा काढले, आधी गोठलेलं चित्र, मागाहून आवाज. जोसेफ कोसुथचं १९६५ चं काम: खुर्ची, तिचा फोटो आणि शब्दकोशातली 'खुर्ची'ची व्याख्या. पूर्वी मला हा आगाऊपणा वाटला होता. आता घरची खुर्ची भिंतीशी ठेवून फोटो काढला. घरच्यांनी 'फोटोवर बसून दाखव' म्हणून छळलं. कोसुथच्या सूचनेनुसार फोटो त्याच जागेवरचा लागतो, म्हणून खोली बदलल्यावर तो पुन्हा काढावा लागला. व्याख्या मात्र तीच चालली.

सगळंच गोठून भागत नाही, हेही सांगते. ओलाफर एलियासनने २००३ मध्ये लंडनच्या एका संग्रहालयात उभारलेला दिव्यांचा सूर्य नुसता नारिंगी ठिपका दिसतो. अर्धंच वर्तुळ आहे आणि उरलेलं छतावरच्या आरशात पुरं होतं, हे कॅमेरा फिरल्याशिवाय कळत नाही. खाली माणसं आडवी पडून आरशात स्वतःला शोधतायत, ते तर नाहीच नाही. तो धडा मैत्रिणीच्या फोनवर बघितला.

चार तारे देणार होते. गेल्या आठवड्यात मेल आला: 'आपली अडचण दूर करण्यात आली आहे.' व्हिडिओ आता सुरळीत चालतो. चेहरा परत आलाय, झाड पडद्याच्या वरच्या कडेला टेकलंय, थांबवलं की त्रिकोण. मी बारावा मेल टाकला: बिघाड परत मिळेल का? निदान तो त्रिकोण तरी काढता येईल का?

उत्तर आलं. कॅश साफ करा.