सोलापूर रोडवरचा रेडिएटरवाला आणि पिकअपचं कूलंट

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

हडपसरकडून उरुळी कांचनला येताना लोणी काळभोर मागे पडलं की डाव्या हाताला टायरवाल्यांच्या रांगेत हे दुकान आहे. बोर्डावर नाव नाही, नुसतं ‘रेडिएटर रिपेअरिंग’. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणतो. आमची नर्सरी असल्यामुळे बोलेरो पिकअपचा हौदा बहुतेक वेळा मातीच्या पिशव्यांनीच भरलेला असतो. झाडं हलकी दिसतात, पण ओली माती घेऊन कुंभार्ली घाट उतरा, कोकणातून आंब्याची कलमं भरा आणि तोच घाट चढून परत या, मग वजन कळतं. गाडी सेकंड हँड घेतलेली. आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये कूलंट, म्हणजे इंजिनची उष्णता वाहून नेणारा द्रव, म्हणून काय ओतलं होतं, देव जाणे. तापमानाचा काटा अजून वर गेला नव्हता, पण कूलंटच्या बाटलीतलं पाणी गढूळ तपकिरी दिसायला लागलं तेव्हा फ्लशिंग, म्हणजे जुनं काढून आतून धुणं, करून घ्यायचं ठरवलं.

गावातल्या दोन गॅरेजमध्ये आधी विचारलं होतं. दोन्हीकडे उत्तर एकच : ‘हिरवं टाकू का लाल?’ जणू सरबत विचारतायत. चाचांनी मात्र बोनेट उघडल्याबरोबर विचारलं, ‘शेठ, आधी काय होतं यात?’ माहीत नाही म्हटल्यावर इंजिन थंड होईपर्यंत त्यांनी झाकणाला हातही लावला नाही. मग झाकण काढून त्याचं रबर नखाने खरवडून दाखवलं. कडक झालेलं, चिरा पडलेल्या, आणि कडेला बुळबुळीत पिवळट थर. ‘दोन जातीचं मिसळलंय कुणीतरी,’ एवढंच म्हणाले.

रंगाचा घोळ इथेच मिटवतो. कूलंटचा रंग म्हणजे कंपनीने घातलेला निव्वळ रंग. कुठल्या प्रकाराला कुठला रंग, असा सगळ्यांना बांधील नियम नाही. बहुतेकांमध्ये मूळ द्रव एकच, इथिलीन ग्लायकॉल. फरक असतो तो गंज रोखणाऱ्या रसायनांत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखी रसायनं असतात. ती धातूवर लगेच थर धरतात, पण संपतातही लवकर, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. नव्या, सेंद्रिय आम्लांच्या प्रकाराला ओएटी म्हणतात. ते बरंच टिकतं, पुष्कळ कंपन्या पाच वर्षं सांगतात. दोन्हींचं मिश्रण असलेलं हायब्रिडही मिळतं. हे एकमेकांत मिसळले की लगेच दह्यासारखं घट्ट होतं, असं नाही. बहुतेक वेळा वरून काहीच दिसत नाही, फक्त दोघांचा गंजरोधकपणा मार खातो आणि पाच वर्षांचं कूलंट फार आधीच संपतं. कधीकधी मात्र सिलिकेट सुटून चिकट गाळ होतो आणि तो रेडिएटरच्या जाळीतल्या बारीक नळ्यांत बसतो. आमच्या झाकणाखाली तसलाच काहीतरी प्रकार असावा.

तेव्हा बाटली हातात घेतली की पुढचं चित्र नाही, मागचं लेबल वाचायचं. आयएस ५७५९ हे भारतीय मानक, जेआयएस के २२३४ जपानी, एएसटीएम डी ३३०६ अमेरिकन. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार आणि जे मानक लिहिलंय, ते बाटलीवर असलं पाहिजे. काही बाटल्यांवर यातलं एकही नसतं, फक्त बर्फाचा डोंगर छापलेला असतो. त्या परत फळीवर ठेवायच्या. मोठ्या ट्रकवाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या वेट लायनरला, म्हणजे बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या सिलिंडरच्या नळीला, बुडबुड्यांच्या माराने भोकं पडतात, म्हणून त्यांना हेवी ड्यूटीचं, डी ६२१० वालं कूलंट लागतं. दहाचाकी चालवणाऱ्या मित्राचं ऐकून पिकअपचं कूलंट ठरवू नये.

आता चाचांचं खरं कसब. जुनं कूलंट खालच्या होजमधून कापलेल्या कॅनमध्ये काढलं आणि मापून बाजूला ठेवलं. का मापलं, ते मला नंतर कळलं. मग साधं पाणी भरून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून गाडी चालू केली. हीटर बंद ठेवला तर त्याच्या कॉइलमधलं जुनं पाणी आतच राहू शकतं. वरचा होज गरम होईपर्यंत थांबले, म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, उघडला. गाडी बंद करून थंड होऊ दिली, पाणी काढलं, पुन्हा भरलं. स्वच्छ येईपर्यंत हेच चाललं. ॲसिडची पावडर टाकू का, असं मीच विचारलं, तर म्हणाले, ‘ट्रॅक्टरच्या पितळी रेडिएटरला एक वेळ चाललं असतं, ही ॲल्युमिनियमची जाळी आहे.’ शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्याने, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरने. आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीला महिन्यात पांढरा थर येतो, तेच पाणी इंजिनात फिरवत ठेवायचं म्हणजे कठीणच.

यानंतर मी सोबत नेलेले रेडीमेड, म्हणजे निम्मं पाणी आधीच मिसळलेले, पन्नास टक्क्यांचे कॅन पुढे केले. चाचांनी ते बाजूला सरकवले. कारण ऐका, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. पाणी कितीही काढा, इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच पाणी राहतंच. समजा, गाडीत एकूण आठ लिटर मावतं आणि काढल्यावरही तीन लिटर साधं पाणी आत उरतं. वरून पाच लिटर रेडीमेड ओतलं, तर त्यात खरं ग्लायकॉल अडीच लिटर. म्हणजे आठात अडीच, फक्त एकतीस टक्के. बहुतेक कंपन्या साधारण एक-तृतीयांशाच्या खाली जाऊ नका म्हणतात. तुम्ही पैसे दिलेत पन्नास टक्क्यांचे आणि गाडीला मिळाले एकतीस! म्हणून फ्लशिंगनंतर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्यायचं. एकूण मापाच्या निम्मं, म्हणजे या हिशोबात चार लिटर, ते आधी ओतायचं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची. सुरुवातीला काढलेलं माप आणि पुस्तकातला आकडा यांची वजाबाकी केली की आत किती उरलं ते कळतं. चाचांनी ही वजाबाकी दुकानाच्या शटरवर खडूने केली. रेडीमेड वाईट नाही. वरून भर घालायला ते उत्तम, माझे कॅन त्यासाठीच ठेवलेत.

आपल्याकडे बर्फ पडत नाही मग पन्नास टक्के कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांचं अर्धं बरोबर आहे, गोठण्याची भीती आपल्याला नाही. उष्णता वाहून नेण्यात तर साधं पाणी कूलंटपेक्षा सरस असतं, त्यामुळे ‘कूलंटने इंजिन जास्त थंड राहतं’ ही जाहिरात आहे. कूलंट लागतं ते गंज आणि क्षार रोखायला, आणि उकळी लांबवायला. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. घाटात गाडी वाचवतं ते झाकणाचं प्रेशर. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढ्या बार जादा दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं, निम्मं ग्लायकॉल असेल तर आणखी वर. पण झाकणाचं रबरच चिरलेलं असेल तर महागातलं कूलंट काय करणार? आमचं झाकण बदललं, त्याच आकड्याचं.

आणखी एक. थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला रस्त्यावर कुणीही देतं. चाचांनी तो गरम पाण्याच्या डब्यात सोडून उघडतोय हे मला दाखवलं आणि परत बसवला. त्याशिवाय डिझेल इंजिन वेळेवर गरमच होत नाही आणि ॲव्हरेज पडतं.

मग आत अडकलेली एअर काढली. गाडीचं तोंड उताराच्या वर करून, झाकण उघडं ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत. ‘उद्या सकाळी लेव्हल थोडी उतरेल, घाबरू नका’ म्हणाले, आणि तशी ती उतरली. उरलेलं कॉन्सन्ट्रेट त्याच प्रमाणात मिसळून बाटलीत दिलं, बाटलीवर मार्करने ‘ओएटी’ आणि तारीख. बोनेटच्या आतही तेच लिहिलं. पुढच्या मिस्त्रीला ‘आधी काय होतं’ विचारायची गरज नाही.

मजुरी ६०० रुपये, झाकण वेगळं, कॉन्सन्ट्रेट छापील किमतीला. पावती मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळाली तरी वहीचं फाडलेलं पान.

कापलेला स्टार यासाठी : जुनं कूलंट कॅनमध्ये नीट काढलं, मापलं, आणि मग पोऱ्याने ते सरळ गटारात ओतलं. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री चाटतात आणि त्यांची किडनी जाते. दुकानासमोरच दोन कुत्री झोपलेली. मी बोललो तेव्हा चाचांनी पोऱ्याला झापलं आणि वरून बादलीभर पाणी मारायला लावलं, पण ही दुकानाची रोजची पद्धत दिसली. यातून ते सुधारले तर पाचवा स्टार लगेच देईन.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, अर्धा दिवस मोडतो. इंजिन थंड व्हायची वाट चाचा बघतात, तुमची घाई बघत नाहीत. शुक्रवारी दुपारी बंद. त्यांच्याकडे कॉन्सन्ट्रेट एकाच प्रकारचं असतं, त्यामुळे गाडीच्या पुस्तकात दुसरं लिहिलं असेल तर स्वतःचं घेऊन जा, आणि पुस्तकही.