पाण्याने लिहायचं कापड: घ्या, पण मधली रेघ बघून घ्या

शांघायला येऊन दोन वर्षं झाली, चिनी बोलणं बऱ्यापैकी जमतं, लिहिणं राहूनच गेलं होतं म्हणून ऑनलाइन १८ युआनला हे कापड मागवलं. ब्रश पाण्यात बुडवून लिहायचं, अक्षर काळं उमटतं, चार-पाच मिनिटांत वाळून जातं की परत लिहा. शाई नाही, पसारा नाही. जूनच्या दमट पावसात मात्र वाळता वाळत नाही.

कापडावर चौकटी छापल्यात, प्रत्येकीत एक उभी, एक आडवी आणि दोन तिरक्या रेघा, म्हणजे 'मी' (तांदूळ) या अक्षरासारखंच दिसतं ते, आणि खरे पैसे त्या चौकटींचेच आहेत. 'मू' म्हणजे झाड, बघताना वाटतं डावं-उजवं अगदी सारखं. मी तसंच काढत होते आणि झाड लाकडी खांबासारखं दिसायचं. चौकटीत हळूहळू लिहिलं तेव्हा लक्षात आलं की डावीकडची तिरकी रेघ, 'फ्ये', निमुळती होत सुटून जाते आणि उजवीकडची, 'ना', जाड होत जाते, शेवटी पाय टेकवते आणि मग बारीक होते. दोन्ही वेगळ्या, तरी तोल बरोबर मधल्या रेघेवर! एकदा कागदावर शाईने लिहून ओलं असतानाच मधोमध दुमडलं, ठसा काही जुळला नाही. मग खाली पडलेलं गिंकोचं पिवळं पान दुमडलं, ते पंख्यासारखं, मधे चीर असलेलं, तर त्याचीही एक बाजू जरा मोठीच निघाली. इतकं छान वाटलं ना! अगदी आरशातल्यासारखं हवं असेल तर लग्नात दारावर लावतात ते लाल 'श्वांग-शी' (दुहेरी आनंद) हे अक्षर बघा, कागद दुमडून अर्धंच कापतात, उघडलं की पूर्ण. 'मेन' म्हणजे दार, जुन्या लिपीत दोन फळ्या समोरासमोर असायच्या, सोप्या लिपीत त्या गेल्या, मला वाईट वाटतं त्याचं.

आता तक्रार. शेवटच्या दोन ओळींत उभी रेघ दोन-तीन मिलीमीटर डावीकडे सरकलीये. तिथे 'झोंग' लिहिलं, ज्याचा अर्थच मध्य, आणि तेच कलंडलेलं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे लिहिलेलं वाळून जातंच ना, आणि बदलून दिलं नाही. अहो, सगळी प्रॅक्टिस त्या रेघेवर असते!

दुसरं कापड दुकानात जाऊन घेतलं, पट्टी लावून बघून. ब्रशही वेगळा घ्या, सोबतच्याचे केस गळतात. कापडाला चार स्टार, विक्रेत्याला एक.