मिशनरी पाहुण्यांचा निरोप आणि पुणे स्टेशनजवळचे एक हॉटेल

आमच्या चर्चच्या मंडळीत अनेक वर्षे सेवा केलेले एक परदेशी मिशनरी दांपत्य नुकतेच कायमचे मायदेशी परतले. भाड्याचे घर रिकामे करून भांडीकुंडी वाटून टाकल्यावर त्यांना शेवटचे काही दिवस हॉटेलात काढावे लागणार होते, म्हणून पाळकसाहेबांनी साधू वासवानी चौकापासून चालत जाता येईल असे एक मध्यम दराचे हॉटेल ठरवले. तक्रारीही लिहायच्या असल्याने त्याचे नाव येथे देत नाही.

पुण्याहून परदेशी जाणारी थेट विमाने मोजकीच आहेत. बहुतेकांना मुंबई गाठावी लागते आणि तिथली पश्चिमेकडची बरीच उड्डाणे मध्यरात्रीनंतरची असतात. घाटातल्या वाहतुकीचा भरवसा नसल्याने संध्याकाळीच निघावे लागते, आणि सगळी मंडळी काही विमानतळापर्यंत जाऊ शकत नाही. त्यामुळे खरा निरोप हॉटेलच्या दारातच होतो. अशा मुक्कामासाठी हॉटेल पाहताना मी म्हणूनच खोलीआधी लॉबी पाहीन.

या हॉटेलची लॉबी मात्र चार खुर्च्यांची आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र मागितले जाते आणि खोलीवर कोणालाही सोडत नाहीत. नियम समजण्यासारखा आहे, पण दौंडच्या गाडीने केडगावहून आलेल्या वयस्कर बायांना आधार कार्डासाठी पिशव्या उपसायला लावणारा स्वागतकक्षातील तरुणाचा सूर समजण्यासारखा नव्हता. (पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे केडगावात परदेशी मिशनऱ्यांचे येणे-जाणे शंभराहून अधिक वर्षे चालू आहे, या बायांनी असे निरोप त्या तरुणापेक्षा कितीतरी जास्त पाहिले असतील.) गोंधळ वाढल्यावर व्यवस्थापक स्वतः खाली आले आणि त्यांनी त्या दुपारी रिकामा असलेला पहिल्या मजल्यावरचा हॉल उघडून दिला. तिथे पेटीवर भजने झाली, प्रार्थना झाली, शाली पांघरल्या गेल्या. चहाचे पैसे त्यांनी घेतले, हॉलचे घेतले नाहीत.

कागदपत्रांच्या बाबतीत हॉटेल चोख आहे. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती चोवीस तासांच्या आत इमिग्रेशन खात्याला ऑनलाइन कळवावी लागते. हॉटेलवाले त्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात. ही कटकट नको म्हणून आधी विचारलेल्या दोन-तीन लॉजनी परदेशी पासपोर्ट म्हणताच नकार दिला होता. इथे पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती घेऊन काही मिनिटांत काम झाले आणि मूळ पासपोर्ट लगेच परत मिळाला. ‘मिशनरी व्हिसा’ हे शब्द वाचून कोणी नको ते प्रश्नही विचारले नाहीत.

सामानाची कथा वेगळीच. निरोपाला आलेला प्रत्येक जण बाकरवडी, श्रुसबेरी बिस्किटे किंवा लोणच्याची बरणी घेऊन येतो आणि बॅगेचे वजन विमान कंपनीची मर्यादा ओलांडते. हॉटेलात प्रवासी वजनकाटा नव्हता, पण एका कर्मचाऱ्याने स्वयंपाकघरातला भाजीचा काटा आणून प्रत्येक बॅग तोलून दिली. बरण्या अर्थातच पाळकसाहेबांच्या घरी गेल्या.

खोली स्वच्छ होती, गरम पाणी सकाळीच येत होते, जेवण ठीक होते.

माझी मोठी तक्रार पैशांची आहे. खोली दुपारी बारा वाजता सोडायची होती आणि गाडी संध्याकाळी निघणार होती. आरक्षणाच्या वेळी ‘बघू, सांभाळून घेऊ’ असे तोंडी आश्वासन मिळाले होते, परंतु बिलात अर्ध्या दिवसाचे भाडे लावण्यात आले. दर अवाजवी नव्हता, पण आधी सांगितले असते तर बिलावरून दारात वाद झाला नसता. तिथे उतरायचे असेल तर उशिरा खोली सोडण्याचा दर आणि हॉलची वेळ या दोन्ही गोष्टी व्यवस्थापकांकडूनच लेखी घ्याव्यात. स्वागतकक्षातील शब्दावर विसंबू नये.