निवडक दिशा की मॉन्टे कार्लो?

न्यूट्रॉन पदार्थात कसे विखुरतात आणि शोषले जातात, हे सांगणारे रेषीय वहन समीकरण सोडवताना निवड बहुधा दोन पद्धतींत करावी लागते. पहिलीत, म्हणजे निवडक दिशांच्या पद्धतीत, सर्व दिशांऐवजी मोजक्याच दिशा घेऊन समाकलाच्या जागी भारित बेरीज करतात. खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४०च्या दशकात ताऱ्यांच्या वातावरणासाठी ही वाट विकसित केली. एकमितीय थरासाठी इतकी नेटकी पद्धत मला दुसरी दिसत नाही. मात्र जवळजवळ विखुरण नसलेल्या द्विमितीय माध्यमात छोटा स्रोत ठेवला, तर उत्तर गोलाकार पसरण्याऐवजी चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे उमटतात, आणि गणनेसाठी जागेचे तुकडे पाडणारी जाळी कितीही बारीक केली तरी ते जात नाहीत, कारण चूक दिशांच्या निवडीतच असते.

दुसऱ्या, मॉन्टे कार्लो पद्धतीत यादृच्छिक संख्यांच्या आधारे एकेका कणाचा प्रवास रचला जातो: ० आणि १ यांमधील यादृच्छिक संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमचे चिन्ह बदलले, की पुढच्या टकरीपर्यंतचे अंतर माध्य मुक्त पथांत (दोन टकरींमधल्या सरासरी अंतराच्या पटीत) मिळते. इथे आऱ्या उमटत नाहीत आणि भूमिती कितीही वेडीवाकडी चालते. पण सांख्यिकीय त्रुटी दहापट घटवायला शंभरपट कण लागतात. २० माध्य मुक्त पथ जाडीच्या कवचातून न टकरता पार होणारा कण सुमारे ५० कोटींत एखादाच, म्हणून तिथे कणांना भार देऊन गणना अशा दुर्मीळ कणांकडे वळवल्याशिवाय मी या पद्धतीवर विसंबणार नाही.